हुंकाराला उत्तर द्या

हँड्स डाऊन. लुक ॲट मी. से वॉटर.

माझ्या स्वमग्न भावाने हे तीन हुकूम थेरपी केंद्रात वयाच्या चौथ्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत ऐकले. घरात आई मालवणी बोलायची, शेजारी घाटावरचे, खाली दुकानांत गुजराती आणि मारवाडी. हुकूम मात्र इंग्रजीत, कारण "एकच भाषा ठेवा, नाहीतर मुलगा गोंधळेल" असं आईला बजावलं होतं. आई सातवी शिकलेली. तिने खरंच मालवणी थांबवली. दोन वर्षं ती त्याच्याशी तिला येणाऱ्या दहा-पंधरा इंग्रजी शब्दांत बोलली, म्हणजे जवळजवळ बोललीच नाही. दोन भाषांच्या घरात वाढल्यामुळे स्वमग्न मुलाचं बोलणं मागे पडतं, याला संशोधनात आधार मिळालेला नाही. ज्यांनी हा सल्ला दिला त्यांनी एका आईचं तोंड बंद केलं आणि त्याची फी घेतली. हाच सल्ला आमच्या चाळीतल्या सहा वर्षांच्या मुलाच्या आईला गेल्या वर्षी मिळाला, म्हणून हे लिहिते आहे.

भाऊ आज 34 वर्षांचा आहे. "वॉटर" तो कधीच म्हणाला नाही. तहान लागली की माठाजवळ जातो आणि माठावर बोटांनी वाजवतो: दोनदा हळू, एकदा जोरात. पाच वर्षांचा असल्यापासून हे चालू आहे. घरात प्रत्येकाला कळतं, पाहुण्यांनाही दुसऱ्या दिवशी कळायला लागतं. ज्या केंद्रात तो अकरा वर्षं गेला तिथल्या वहीत मात्र शेवटपर्यंत एकच नोंद होती: संवाद नाही.

आम्ही मुंबईत हिंदमाताला राहतो, कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत. ज्यांनी इथे कधी साडी किंवा ड्रेसचं कापड घेतलंय त्यांना गादीवर बसलेला विक्रेता आठवत असेल. तो गिऱ्हाइकाला "नक्की काय हवंय ते आधी सांगा" असं म्हणत नाही. एकामागून एक तागे उलगडतो आणि बाईचं बोट कुठे थांबतं, नजर कुठून परत फिरते, ते पाहतो. तिने तोंड उघडण्याआधी त्याला रंग कळलेला असतो. संवाद म्हणजे काय, हे मला या बाजाराने शिकवलं. डिग्र्या लावलेल्या भिंतींनी शिकवलं नाही.

आमच्या खाली कटपीसचं दुकान होतं. भाऊ सोळा वर्षांचा असताना, दिवाळी उलटून गेल्यावर, एका मंद दुपारी तो पायरीवर बसला होता. दुकानवाले काका पॉपलीन मोजत होते. कात्रीने बारीक छेद दिला आणि दोन्ही हातांनी कापड फाडलं. टर्र. पायरीवरून आवाज आला: ठर्र. काकांनी मान वर केली. मग एक चिंधी उचलली आणि ती फाडली. पुन्हा पायरीवरून आवाज. काका थांबले. काहीच केलं नाही, नुसते चिंधी हातात धरून बसले. आणि माझ्या भावाने त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाहिलं. जेम्सच्या गोळ्या दाखवून, हनुवटी धरून, डोक्यामागे हात लावून अकरा वर्षांत जे कोणाला जमलं नव्हतं, ते एका कापडवाल्याने न मागता मिळवलं. त्यानंतर आवाज भाऊ आधी करायचा आणि काका फाडायचे. चिंध्यांचं एक बोचकंच त्यांनी त्याच्यासाठी बाजूला ठेवलं होतं. मी जिन्यात उभी राहून हे पाहत होते. घरात वर जाऊन खूप रडले.

काकांनी जे केलं त्याला नाव आहे, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायरमधल्या हार्परबरी या मोठ्या संस्थेत गंभीर बौद्धिक अक्षमतेची माणसं वर्षानुवर्षं ठेवलेली असत. जेरेंट एफ्रेम नावाच्या मानसशास्त्रज्ञाने म्हटलं की ज्या माणसापर्यंत शब्द पोचत नाहीत, त्याच्याशी आई तान्ह्या बाळाशी वागते तसं वागून पाहू. 1980 च्या दशकात हार्परबरीतल्या शाळेत शिकवणाऱ्या मेलनी निंड आणि डेव्ह ह्युएट यांनी त्यातून एक पद्धत उभी केली: इंटेन्सिव्ह इंटरॅक्शन. त्यांचं 'ॲक्सेस टू कम्युनिकेशन' हे पुस्तक 1994 साली आलं. फीबी काल्डवेल यांनी हीच वाट धरून स्वमग्न माणसांबरोबर अनेक दशकं काम केलं.

पद्धत सांगायला दोन मिनिटं पुरतात. त्या माणसाच्या पातळीला खाली बसायचं. काही मागायचं नाही. तो काय करतोय ते पाहायचं: श्वास, घशातला आवाज, बोटांची हालचाल, झुलणं. त्यातलं एखादं उचलून उत्तर द्यायचं, हुबेहूब नक्कल न करता, तबलजी गवयाला साथ देतो तसं. मग थांबायचं. थांबणं हा यातला सगळ्यात अवघड भाग आहे. पुढचं पाऊल त्याचं. त्याने तोंड फिरवलं की बास, त्या वेळेपुरतं संपलं. थोडा थोडा वेळ, दिवसातून अनेकदा. जमलं तर चित्रीकरण करायचं आणि नंतर पाहायचं, कारण आपल्या किती गोष्टी निसटल्या ते पडद्यावरच दिसतं.

मराठी घरात हे नवीन आहे का? पाळण्यातल्या बाळाने हुंकार दिला की आजी हुंकार देते. बाळ पुन्हा देतं, आजी डोळे मोठे करते आणि वाट पाहते. गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याने हुंकारा द्यायचा असतो, नाहीतर गोष्ट थांबते. आपल्या भाषेत या देवघेवीला शब्द आहेत, चाली आहेत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' मध्ये स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे पंडित हत्तीमागे चालत जातात आणि माहुताची बायको त्यांना सांभाळते. तिला त्यांचं पांडित्य ठाऊक नाही, तिची भाषा कानडी. ती त्यांच्या लहरीप्रमाणे आणि भुकेप्रमाणे चालते, आणि ते शांत होतात. अमृता सुभाषला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपण सगळ्यांनी वाहवा केली. आणि मग वाचा गेलेल्या आपल्या माणसाला आपण रोज विचारत राहिलो: सांग, मी कोण? माझं नाव काय? परीक्षा घेणं हाच आपल्याला संवाद वाटतो.

ही परीक्षा घेण्याची खोड थेरपीच्या धंद्याच्या मुळाशी आहे. लॉस एंजेलिसच्या इव्हार लोव्हास यांनी 1987 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने स्वमग्न मुलांना आठवड्याला 40 तास शिकवणीचा आकडा जगभर पोचवला. त्याच लोव्हास यांनी 1960 च्या दशकात मुलांवर थपडा आणि विजेचे झटके वापरले होते, आणि 1987 च्या अभ्यासातही मांडीवर चापट मारणं ही पद्धतीचा भाग होती. आज त्या परंपरेतले लोक म्हणतात, आम्ही बदललो. झटके बहुतेक ठिकाणी गेले, खरं आहे. पण मूळ समजूत तीच राहिली: मूल रिकामं आहे, बोलणं आमच्याकडे आहे, आम्ही ते थोडं थोडं आत घालणार आणि दर आठवड्याला मोजणार. "डोळ्याला डोळा, दहापैकी सहा वेळा." मी असे तक्ते वह्या भरून पाहिलेत. दहापैकी सहा वेळा पाहणाऱ्या मुलाला त्या डोळ्यांत काय दिसलं, ते लिहायला तक्त्यात रकाना नव्हता.

आणि आई-बाप बाहेर बाकावर. पंचेचाळीस मिनिटांचे हजार रुपये, दरवाजा बंद, शेवटची पाच मिनिटं "आज कोऑपरेट नाही केलं" एवढं ऐकायला. मूल आठवड्यातले दोन तास तिथे असतं, उरलेले सगळे घरी. त्या उरलेल्या तासांत जी माणसं आहेत त्यांना काही न शिकवता दोन तास विकणं ही फसवणूक आहे. दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

आता "वर्तन-समस्या" या शब्दाकडे येते. भाऊ पंचवीस वर्षांचा असताना मनगट चावायला लागला. रक्त येईपर्यंत. तो तेव्हा एका डे-केअरला जायचा. तीन आठवड्यांत गोळीचा डोस दोनदा वाढला. तिथल्या मावशीने मला फाटकाशी गाठून सांगितलं, "ताई, ह्यो डाव्या बाजूनं भाकर चावत न्हाई, अन् त्येचा आवाज खाली गेलाय." दाढ किडली होती. मुळापर्यंत. दाढ काढली, चावणं थांबलं. मावशीने त्याच्या घशातला सूर रोज ऐकला होता, म्हणून तिला तो उतरलेला कळला. डॉक्टरांनी फाइल ऐकली. मोठ्या निदानाच्या सावलीत मनाची दुसरी दुखणी दिसेनाशी होतात, हे स्टीव्हन रीस आणि सहकाऱ्यांनी 1982 साली लिहून ठेवलंय; दाढेचंही तेच झालं. इंग्लंडमध्ये 2015 साली सरकारी अंदाज आला की बौद्धिक अक्षमतेचे 30 ते 35 हजार प्रौढ रोज मनावरची औषधं घेतात, आणि त्या औषधांसाठी लागणारा आजार त्यांना नाहीच. पुढच्या वर्षी तिथल्या आरोग्यसेवेने हे थांबवायची मोहीम हाती घेतली. आपल्याकडे अशी मोजणी करा, अशी मागणीसुद्धा कोणी करत नाही.

आमचा हिंदमाता चौक बशीसारखा खोलगट आहे. पाऊस लागला की आंबेडकर रस्त्यावर पाणी चढतं, बसगाड्या वळवतात, दुकानदार खालच्या फळीवरचे तागे वर उचलतात. वर्षानुवर्षं हे झाल्यावर पालिकेने प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या, पंप बसवले. पाणी हट्टी आहे, त्याला शिस्त लावा, असं एकाही अभियंत्याने म्हटलं नाही. त्यांनी उतार पाहिला आणि वाट शोधली. ओरडणाऱ्या, डोकं आपटणाऱ्या, चावणाऱ्या माणसासाठी एवढाच विचार करायला सांगितला, तर हे तज्ज्ञ माझ्याकडे अडाणी नातेवाईक म्हणून पाहतात.

आणि मग आई गेली. 2019 च्या श्रावणात.

तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. प्रत्येक जण मला म्हणाला, "बरं आहे, त्याला काही कळत नाही." कोणी त्याच्याजवळ बसलं नाही. मीही नाही, हे मी लपवत नाही. चौदाव्या दिवशी घर रिकामं झालं आणि संध्याकाळी, आई देवळातून परत यायची त्या वेळेला, तो माठापाशी गेला. दोनदा हळू, एकदा जोरात. मी पेला भरून दिला. त्याने घेतला नाही. पुन्हा वाजवलं. पुन्हा पेला, पुन्हा नकार. रात्री अकरापर्यंत तो वाजवत होता. दुसऱ्या दिवशी तेच. माठ वाजवला की आई येते, हे त्याला इतक्या वर्षांत कळलेलं होतं. पाण्याशी त्याचा संबंध नव्हता.

मी मदत मागायला गेले. मानसोपचारतज्ज्ञांनी पाच मिनिटांत गोळी वाढवली. समुपदेशक बाई मला म्हणाल्या, "ते व्हर्बल नाहीत, त्यामुळे थेरपीचा उपयोग होणार नाही." शोक करायला व्याकरण लागतं, असं या बाईंना कोणत्या अभ्यासक्रमाने शिकवलं? ज्याला शब्द नाहीत त्याला दुःख नाही, असं मानणाऱ्या शास्त्राला मी मनाचं शास्त्र म्हणणार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चं अठरावं कलम सांगतं की सरकारी आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या सेवांमध्ये अपंगत्वावरून कोणाशी भेदभाव करता येणार नाही. दिव्यांग हक्क कायदा, 2016 मध्ये "संवाद" या शब्दाची व्याख्याच दिली आहे आणि तिच्यात स्पर्श, खुणा, पूरक आणि पर्यायी मार्ग हे सगळं येतं. माठावर वाजवणारी बोटं त्या व्याख्येत बसतात. ती वाचायची तसदी घेतली तर.

शेवटी मी आईचं एक सुती लुगडं काढलं, माठाशेजारी जमिनीवर बसले आणि तो वाजवायचा तसं फरशीवर वाजवलं. दोनदा हळू. मग थांबले. तिसरा ठोका त्याने दिला. किती संध्याकाळी असं चाललं ते मोजलं नाही; दसरा उलटला होता एवढं आठवतं. एके दिवशी त्याने लुगड्यात तोंड घातलं आणि घशातून एक लांब आवाज काढला, जो मी आधी कधी ऐकला नव्हता. मी तोच सूर खाली धरून ठेवला. बराच वेळ. मग तो पाणी प्यायला. वाढवलेली गोळी आम्ही डॉक्टरांना सांगून पुढच्या महिन्यात कमी करून घेतली.

याला पुरावा काय, असं विचारणारे विचारतील, आणि त्यांनी विचारायलाच हवं. इंटेन्सिव्ह इंटरॅक्शनवरचे अभ्यास लहान आहेत, मूठभर माणसांवरचे, हे मान्य. पण याच घराण्यातली दुसरी पद्धत आपल्या अंगणात तपासली गेली आहे. गोव्यातल्या 'संगथ' संस्थेने गौरी दिवाण यांच्या पुढाकाराने, रावळपिंडीतल्या आणि ब्रिटनमधल्या संशोधकांबरोबर 65 स्वमग्न मुलांवर चाचणी केली. ती 2016 साली 'लॅन्सेट सायकिॲट्री' मध्ये छापून आली. तज्ज्ञ नसलेले, पण प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते आई-बापांबरोबर काम करत. मूल आणि आई खेळतात त्याचं चित्रीकरण करायचं, तेच आईला दाखवायचं, मूल कुठे काहीतरी सांगत होतं आणि आपण कुठे घाई केली ते तिने स्वतः शोधायचं. सहा महिन्यांत बारा बैठका. निष्कर्ष: आईचं मुलाच्या कलाने जाणं ठळकपणे वाढलं आणि मुलाने स्वतःहून संवाद सुरू करणंही वाढलं. दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ मात्र कमी झाला, हेही त्याच निबंधात लिहिलंय आणि मी ते दडवणार नाही. औषध नाही, यंत्र नाही, कंपनीचं किट नाही. एक कार्यकर्ती, एक कॅमेरा, एक आई. म्हणूनच कोणाला याची जाहिरात करावीशी वाटत नाही.

जाहिरात होते ती दुसऱ्याच गोष्टींची. स्वमग्नतेवर स्टेम सेलचा उपचार शिफारस करण्याजोगा नाही, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने 2022 साली सांगितलं. तरी आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने त्यासाठी गावची जमीन विकली. मुलाचा हात धरून, पाटी पुढे सरकवून त्याच्याकडून लांब लांब वाक्यं लिहून घेणारेही आहेत. ती वाक्यं मुलाची नसून हात धरणाऱ्याची असू शकतात, म्हणून अमेरिकेतल्या वाचा-भाषा तज्ज्ञांच्या संघटनेने 2018 साली या पद्धती वापरू नका असं जाहीर केलं. मी ज्या पद्धतीबद्दल बोलते आहे तिचा यांच्याशी संबंध जोडू नका. तिथे माणसाच्या तोंडी आपले शब्द घालतात. इथे त्याच्या आवाजाला त्याचाच आवाज म्हणून मान देतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मालिनी छिब बोटाने यंत्रावर टाइप करून स्वतःचं पुस्तक लिहितात, तो त्यांचा स्वतःचा आवाज असतो. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी 1972 साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी काढली, तेव्हा अशा मुलांना शाळेत घ्यायलाही कोणी तयार नव्हतं.

या शहरात जाण नाही, असं मी म्हणणार नाही. आमच्या घरापासून जवळ, शिवडीला, जय वकील शाळा आहे. जय आणि होर्मसजी वकील यांनी आपल्या मुलीला कुठे प्रवेश मिळेना म्हणून 1944 साली ती सुरू केली. चिंचपोकळीजवळ 'उम्मीद' हे 2001 साली सुरू झालेलं बालविकास केंद्र आहे, तिथे कुटुंबाला बरोबर घेऊन काम चालतं. परळला केईएम आणि वाडिया रुग्णालयं आहेत. राज्यात 2022 पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाखांहून जास्त अपंग माणसं नोंदली गेली. जाण आहे, माणसं आहेत, खातं आहे. आणि तरी भाकरी कोणत्या बाजूने चावतो हे पाहणारी मावशी सगळ्यात कमी पगारावर, कंत्राटावर, विनाप्रशिक्षण. तिचं नाव एकाही अहवालात येत नाही. माझी या विभागाकडे मागणी एकच: प्रत्येक विशेष शाळेत, वसतिगृहात आणि डे-केअरमध्ये आधी मावश्यांना ही पद्धत शिकवा, शिकल्याचा भत्ता द्या, आणि त्यांनी जे पाहिलं ते लिहायला फाइलमध्ये एक पान ठेवा. गोळी वाढवण्याआधी डॉक्टरांनी ते पान वाचलं पाहिजे.

आणि ज्या पालकांचं सोमवारी सेशन आहे त्यांना: दारावर टकटक करा आणि आत बसू द्या म्हणून सांगा. मुलाशी तुमच्या घरच्या भाषेत बोला, मालवणी असो, वऱ्हाडी असो, अहिराणी असो. त्याने काढलेला पहिला आवाज ऐका आणि त्याला उत्तर द्या. आत घेतलं नाही, तर पैसे परत मागा आणि मुलाला घेऊन घरी या.